इंधन दरवाढ व निर्वाहखर्च

पेट्रोल, डिझेल व स्वयंपाकाचा गॅस महागल्याने कुटुंबाच्या खर्चात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्षपणे होणारी वाढ.

१९७३ च्या अरब-इझ्राएल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला आणि आयातदार देशांत महागाई भडकली (पहा : ओपेक). भारतात पेट्रोलचे दर २०१० मध्ये, तर डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते रोज ठरविण्याची पद्धत देशभर लागू झाली. प्रत्यक्षात मात्र ते पुढे कित्येकदा महिनोन्महिने स्थिर राहिले.

किरकोळ दरात कच्च्या तेलाची किंमत, केंद्रीय उत्पादनशुल्क, विक्रेत्याचे कमिशन व राज्याचा मूल्यवर्धित कर यांचा समावेश असतो. पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराबाहेर असल्याने राज्याराज्यांत दर वेगळे पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने लिटरमागे पेट्रोलवरील शुल्क ५, तर डिझेलवरील १० रुपयांनी घटविले. त्याच महिन्यात छत्तीसगढनेही आपला कर किंचित कमी केला. याच राज्यात भिलाईतील सुपेला ही ग्रेट ईस्टर्न रस्त्यालगतची बाजारपेठ (पहा : भिलाई). अशा बाजारात बाहेरून ट्रकने येणाऱ्या भाजीपाला, धान्य इत्यादी मालाच्या भावात डिझेलचा खर्च मिसळलेला असतो.

२०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात ‘इंधन व प्रकाश’ गटाचा भार ६.८४ टक्के होता. पेट्रोल-डिझेल त्यात नसून वाहतूक गटात मोडत, त्यामुळे केवळ या आकड्यावरून दरवाढीचा पूर्ण परिणाम मोजता येत नाही (पहा : चलनवाढ, निर्देशांक).