गंगा आली हो !

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझे सासर राजापूरकडचे, आणि आपल्यापैकी पुष्कळजणी मला "तुमची ती गंगा खरीच येते का हो?" असे विचारतात. म्हणून तिचीच हकीकत लिहिते.

राजापूरपासून कोसभर उन्हाळे गाव आहे. तिथे माळावर चौदा कुंडे आहेत. वडाच्या मुळाशी मूळगंगा, जवळच काशीकुंड, शिवाय सूर्यकुंड, चंद्रकुंड, यमुना, गोदा, कृष्णा अशी नावे. एरवी ती कोरडी ठणठणीत असतात. एक दिवस अचानक पाणी वाहू लागते, काही आठवडे राहते आणि आले तसे निघून जाते. पूर्वी दर तीन वर्षांनी ती येते आणि तीन महिने राहते असा हिशेब होता. अलीकडे तो नेम राहिलेला नाही. लागोपाठच्या वर्षांतही येते. कुंडे हाताच्या अंतरावर, पण एकाचे पाणी गार तर दुसऱ्याचे कोमट. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जाते, ते वाकड्या वाटेच्या माथ्यापर्यंत चढले की सगळे ओढले जाऊन बाहेर पडते, असे जाणकार सांगतात. रॉकेलच्या डब्यात नळी घालून तेल ओढून काढायचो, त्यातलाच प्रकार.

गावात मात्र गंगाजी साळुंखे या कुणब्याची गोष्ट सांगतात. तो दरवर्षी पंढरीला जाई. एका वर्षी जाणे झाले नाही. शेतात बसून तो रडू लागला, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात आली. ही गोष्ट मला फार आवडते. घर सोडून ज्याला जाता येत नाही, त्याच्या दारी तीर्थ आले !

राजापूर हे जुने बंदर. इंग्रजांची वखार तिथे होती, ती शिवाजीमहाराजांनी 1661 साली लुटली. अशा गजबजलेल्या पेठेमुळे गंगेची वार्ता दूरवर जात असणार. पुढे मुंबईचे चाकरमानी आगबोटीने जैतापुराला उतरत आणि तिथून वर येत. 1948 साली एस. टी. सुरू झाली, 1998 साली कोकण रेल्वे आली, आणि यात्रेकरूंच्या जोडीला नुसती मौज पाहणारेही येऊ लागले. रीत अशी की आधी उन्हाळ्याच्या बारमाही गरम झऱ्यावर अंघोळ, मग गंगास्नान, मग धूतपापेश्वराचे दर्शन. आता गाडीतून उतरून दोन फोटो काढले की झाले ! साबणाच्या वड्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या तिथेच टाकून जातात, ते पाहून जीव तुटतो.

आमच्या सासूबाईंचे माहेर तिथून दोन कोसांवर, तरी त्यांना चाळीस वर्षे गंगा घडली नव्हती. गंगा बहुधा उन्हाळ्यात येते आणि तेव्हाच घरात काजू-आंब्यांची धांदल, लग्नकार्ये, कुणाचे तरी बाळंतपण. "पुढच्या खेपेस जाऊ" असे सासरे म्हणत. एकदा पिशवी भरून निघाल्या, तर वाटेतच कळले, गंगा काल गेली. 2020 साली ती आली, तेव्हा करोनामुळे सारेच बंद. त्या दिवशी त्या मुकाट्याने भांडी घासत बसल्या. मला फार लागले. पुरुषमाणसे चार-चारदा जाऊन आली होती.

त्यानंतरच्या एका खेपेस बातमी आली तेव्हा मी कुणालाही न विचारता शेजारणीच्या मुलाची रिक्षा बोलावली. घरी स्वयंपाक झालेला नव्हता. होऊ दे एक दिवस उशीर, म्हटले. काशीकुंडाशी गर्दी होती. एका बाईने सासूबाईंचा हात धरून त्यांना पायरीवर बसवले. त्यांनी तांब्याने अंगावर पाणी घेतले, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच बसल्या. मी काही विचारले नाही.

परत येताना उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावर त्यांनी पाय धुतले. मग म्हणाल्या, "गंगा झाली हो. पण गुडघ्यांना हे पाणी जास्त बरं वाटतं. हे तर रोज असतंच, आणि मी इथेही कधी आले नाही बघ."