कापूस आला, कुरण गेले

दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येऊ लागतो. किती पिकला, भाव काय मिळाला, बियाण्याचे नि मजुरीचे किती गेले, हा हिशेब आपण करतोच. पण गावच्या कुरणाने यंदा किती दिले, हे कुणी मांडून पाहतो काय? ज्याला पैसा मोजावा लागत नाही त्याची नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते गेले तरी चटकन ध्यानात येत नाही. वऱ्हाडचा इतिहास आपल्याला नेमके हेच सांगतो.

वऱ्हाडात कापूस काही इंग्रजांनी आणला नाही. पूर्णाकाठची काळी जमीन आणि कापूस यांचे नाते फार जुने. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीकडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. शेकडो मैलांचा हा प्रवास परवडे कसा? बैल वाटेतल्या कुरणांत चरत, नाल्यांचे पाणी पीत. चाऱ्याला दमडी पडत नसे. म्हणजे वाहतुकीच्या खर्चाचा मोठा भार गवतानेच उचलला होता, म्हणा ना!

गावातही तीच तऱ्हा. गुरे कुरणावर पोसत. बाभळीचे लाकूड औताला होई, काटक्या चुलीला होत. शेण खत होऊन शेतात जाई. उतारावरचे गवत माती धरून ठेवी आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवी. निसर्गाची ही चाकरी बिनपगारी होती.

मग काळ बदलला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि इकडे कापसाचे भाव भडकले. नांगर नव्या जमिनीत शिरला. १८६५ साली युद्ध संपले, भाव उतरले. आता तुम्ही म्हणाल, मग जमीन पुन्हा गवताला सुटली असेल. छे! १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला, १८७० साली खामगावलाही फाटा निघाला. कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. शिवाय सरकारला सारा मिळे तो लागवडीच्या जमिनीवर. ज्या माळावर गावची गुरे चरत, त्याला सरकारी भाषेत नावच होते ‘पडीक’!

शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. रोकड हाती येत होती. सारा भरायचा होता, सावकाराचे देणे होते. पण उतरंडीतले एक मडके काढले की वरची हलतात, तसे झाले. ज्वारीमागे कडबा येतो. कापसामागे उरते पऱ्हाटी, ती चुलीत घालायची. कुरण घटले, त्यात ज्वारीच्या जागी कापूस आला, म्हणजे चारा दोन्हीकडून कमी झाला. झाडे गेली तिथे सरपण आटले. सरपण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापायच्या, आणि गोवऱ्या जळाल्या की शेताचे खत गेले. उघड्या उताराची माती पहिल्याच जोराच्या पावसात नाल्याला लागते. नफ्याच्या वहीत यातले काहीच दिसत नाही.

चांगल्या पावसाच्या वर्षी हे झाकून जाई. १८९९ साली पाऊस चुकला तेव्हा झाकण उडाले. पीक गेले, त्याबरोबर चाराही गेला. राखीला कुरण उरले नव्हते. गुरे पटापट मेली. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. हे सारे एकट्या कुरणामुळे झाले असे मुळीच नव्हे. धान्याची महागाई, कर्ज, रोगराई, सरकारी धोरण, सगळ्यांचा त्यात वाटा होता. परंतु अडीअडचणीला उपयोगी पडावी अशी गावची एक शिल्लक आधीच खर्ची पडली होती, हे खरे.

या शिल्लकेची किंमत करण्याचे प्रयत्न पुढे शास्त्रज्ञांनी केले. १९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या जगातील निसर्गाच्या चाकरीचे मोल वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर असे काढले. एवढ्या मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नये. त्यावर वादही पुष्कळ झाले. आपल्या कामाची आहे ती रीत. कुरण नसते तर काय काय विकत घ्यावे लागले असते? कडबा, सरपण, खत, पाण्याचा टँकर. त्यांची बेरीज करा, कुरणाचे मोल कळेल. मग पिकाच्या नफ्यातून ती वजा करा.

वऱ्हाडात चराईची जमीन ‘ई-क्लास’ या नावाने ओळखतात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावोगावच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्याचा आदेश राज्यांना दिला. आदेश आहे, पण ती जमीन कुठवर होती हे गावालाच ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग काय? गुरुजी, एवढे काम मुलांकडून करून घ्या. गावचा जुना नकाशा मिळवा, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, बाबा, तुमच्या लहानपणी गुरे कुठे चरत? जे सांगतील ते मुलांनी वहीत लिहावे. निदान एक नोंद तरी होईल.