गज खाली ठेवताना

कलावंतानं मौन धरलं, तर त्याला पळ काढणं म्हणायचं की प्रतिकार? मी कविता लिहितो, त्यामुळे हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. अशा वेळी मला पाब्लो कासाल्स आठवतात.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६चा. स्पेनमधल्या कातालोनियात, एल व्हेन्ड्रेल गावातला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. मुलानं चेलो हे वाद्य धरलं. चेलो व्हायोलिनच्या कुळातला; पण बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजानं वाजवायचा. त्याचा खर्जातला सूर माणसाच्या गळ्याला जवळचा. तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका दुकानात कासाल्सना बाखच्या सहा चेलो-रचनांची स्वरलिपी सापडली. तोवर त्या केवळ सरावापुरत्या मानल्या जात. कासाल्सनी सुमारे १२ वर्षं त्यांचा रियाझ केला आणि मगच त्या मैफलीत आणल्या. १९३६ ते १९३९ या काळात त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. नेमकी हीच वर्षं मायदेशातल्या यादवी युद्धाची होती.

१९३९ मध्ये फ्रँको जिंकले. कासाल्स सरहद्दीपलीकडे, फ्रान्समधल्या प्राद गावी राहिले आणि निर्वासित देशबांधवांसाठी मदत जमवू लागले. १९४५ मध्ये महायुद्ध संपलं. हिटलर, मुसोलिनी गेले; फ्रँको राहिले. दोस्त राष्ट्रं त्यांना हटवणार नाहीत, हे दिसताच कासाल्सनी जाहीर मैफली थांबवल्या. १९५० साली बाखच्या मृत्यूला २०० वर्षं झाली, तेव्हा देशोदेशींचे वादक प्रादला आले. कासाल्स जगाकडे जाईनात, म्हणून जगच त्यांच्या दारी आलं.

व्रताला मुरड पडली नाही, असंही नाही. अमेरिकेनं फ्रँकोंना मान्यता दिली होती. तरी केनेडींविषयीच्या आदरापोटी १९६१ मध्ये कासाल्सनी व्हाइट हाउसमध्ये चेलो वाजवला. मला हे वावगं वाटत नाही. व्रत माणसाचं होतं, दगडाचं नव्हे.

या मौनानं हुकूमशहा हटला नाही, हेही खरं. मग त्याला मोल कशाचं? मला वाटतं, त्यामागच्या रियाझाचं. ज्याला वाजवताच येत नाही, त्याच्या गप्प बसण्याची दखल कोण घेतो? बारा वर्षं एका स्वरलिपीपाशी बसलेल्या माणसानं गज खाली ठेवला, तेव्हा ती शांतता ऐकू आली.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी कासाल्स पोर्तो रिकोत वारले. फ्रँको १९७५ मध्ये गेले. १९७९ मध्ये कासाल्सचे अवशेष एल व्हेन्ड्रेलला परत आणले गेले.