पडद्यामागचा थर

गेल्या मे महिन्यात खालांना भेटायला गावी गेलो. दारात उभा राहिलो, तर म्हणाल्या, "आवाज तुझाच आहे, पण चेहरा कुठं ठेवून आलास? कान तेवढे दिसतायत." मोतीबिंदू कधीच काढलाय. हा आजार त्याच्या मागचा, पडद्याचा. बघावं तिथंच काळा डाग, कडेचं मात्र दिसतं. अंगणातली कोंबडी दिसते, ताटातल्या माशाचा काटा दिसत नाही. उशाखालून त्यांनी जाहिरातीचं एक कात्रण काढलं. स्टेम सेलनं दृष्टी परत मिळते म्हणे. "तू शिकलेला आहेस, खरं काय ते बघून सांग."

मी कविता लिहिणारा बी. ए. माणूस. पण वाचत बसलो. हाती लागलं ते सांगतो.

पडद्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाची इवलीशी जागा आहे. अक्षरं, चेहरे, सुईचं नेढं, सगळं तिच्या जिवावर. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागं काळसर पेशींचा एकेरी थर असतो. पुढच्या पेशींची रोजची झीज तो गिळतो, त्यांना दाणापाणी पोचवतो. सफाई कामगार आणि स्वयंपाकी, दोन्ही तोच. उतारवयात हा थर थकला की केर साचतो आणि पुढच्या पेशी मरू लागतात. काहींच्या डोळ्यात खालून नव्या रक्तवाहिन्या फुटून गळतात. या 'ओल्या' प्रकारावर २००६ पासून चांगली इंजेक्शनं मिळू लागली. पण त्यांनी गळती आवरते, मेलेला थर परत येत नाही.

मग थरच नवा घातला तर? अमेरिकेत घोलाम पेमन या सर्जननं १९९१ साली दोन रुग्णांवर हे करून पाहिलं. एकाला त्याच्याच डोळ्यातला थर सरकवून दिला, दुसऱ्याला दात्याच्या डोळ्यातला. पेमन मूळचे इराणातल्या शिराझचे, म्हणजे हाफिजच्या गावचे. कवीच्या हे लक्षात राहायचंच. रॉबर्ट माखेमर यांनी १९९३ मध्ये उलटी शक्कल लढवली. थर बदलत नाही ना, मग पडदाच सोडवून थोडा फिरवायचा, म्हणजे पीतबिंदू चांगल्या थरावर येऊन बसेल! पण या सगळ्या नाजूक शस्त्रक्रिया, आणि परक्या पेशी शरीर नाकारणार ही भीती होतीच.

वाट दिसली जपानमध्ये. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेलं. म्हणजे दंडाच्या कातडीतून डोळ्याचा थर वाढवता येणार, तोही रुग्णाचा स्वतःचा. कोबेच्या मासायो ताकाहाशी यांनी नेमकं तेच केलं. १२ सप्टेंबर २०१४ रोजी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात यासुओ कुरिमोतो आणि सहकाऱ्यांनी असा तुकडा बसवला. लांबी ३ मिलिमीटर, रुंदी १.३. जगातला हा पहिलाच प्रसंग.

दुसरा रुग्णही ठरला होता. पेशी तयार झाल्या, पण तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल आढळले. ताकाहाशी थांबल्या. सगळ्या जगाचं लक्ष लागलेलं असताना थांबल्या. मला त्यांच्या शस्त्रक्रियेइतकंच हे थांबणं मोठं वाटतं. पुढं २०१७ मध्ये त्यांनी दात्यापासून केलेल्या पेशी वापरायला सुरुवात केली.

कोबेच्या बाईंचा अहवाल १६ मार्च २०१७ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वर्षानंतरही तुकडा जागच्या जागी होता. नजर सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. त्याच अंकात आणखी एक अहवाल होता, तो वाचताना माझे हात गार पडले. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये याच आजाराच्या तीन वृद्ध बायकांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरले. त्यांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूळपेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. तिघींचीही होती ती नजर गेली. त्यांच्यातल्या निदान एकीला तो संशोधनाचा भाग वाटला होता. पण संशोधनात रुग्णाकडून फी कोण घेतं? आणि दोन्ही डोळे एकदम पणाला कोण लावतं?

लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातली बातमी बरी आहे. भ्रूणाच्या मूळपेशींपासून केलेला थर दोघांच्या एकेका डोळ्यात बसवला. २०१८ च्या अहवालानुसार एकाचं वाचन मिनिटाला जेमतेम दोन शब्दांवरून ऐंशीच्या वर गेलं. पण दोनच रुग्ण, आणि तेही ओल्या प्रकारात नजर अचानक गेलेले. खालांचा आजार कोरडा आणि वर्षानुवर्षांचा. आजही हा उपचार प्रयोगाच्याच पायरीवर आहे.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गावी गेलो. खालांना कोबेच्या बाईंची गोष्ट सांगितली, फ्लोरिडाचीही. त्यांच्या कात्रणावर फी ठळक छापलेली होती, दोन्ही डोळ्यांची मिळून.

"मग त्या जपानच्या बाईला दिसायला लागलं?"

"होतं तेवढं राहिलं."

"तेवढंही खूप आहे रे," खाला म्हणाल्या. मग कात्रण हातानंच चाचपलं, नीट घडी घातली आणि परत उशाखाली सारलं.