दर वीस वर्षांनी नवे होणारे देऊळ

आज आपण जपानला जाऊ. तिथे इसे या गावी शिंतो धर्माचे फार मोठे देवस्थान आहे. आतल्या देवळात सूर्यदेवी अमातेरासू, तर बाहेरच्या देवळात अन्नधान्याची देवी तोयोउके.

देवळे लाकडाची, वर गवताचे छप्पर. खांब थेट जमिनीत पुरलेले. असा खांब बुडाशी कुजतो, हे आपल्याला गोठ्यावरून माहीत आहे. म्हणून दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब तसेच देऊळ बांधतात, देवीला तिकडे नेतात आणि जुने उतरवतात. जुने लाकूडही वाया जात नाही. मोठ्या खांबांच्या पुढे कमानी होतात. वीस वर्षांत जुना सुतार नव्याला हाताखाली घेऊन शिकवतो.

आतल्या देवळाची अशी पहिली बांधणी 690 साली, जितो या राणीच्या राज्यात झाली. पुढे लढायांच्या काळात पैसा आटला. सव्वाशे वर्षे नवे देऊळ झालेच नाही.

तेव्हा केइकोइन मठातल्या बायका पुढे आल्या. त्या बौद्ध भिक्षुणी, देऊळ शिंतो. तरी सेइजुन यांनी फिरून वर्गणी गोळा केली. 1563 साली बाहेरचे देऊळ उभे राहिले. त्यांच्यानंतर शुयो झटल्या आणि 1585 साली आतलेही झाले. 2013 साली 62वी बांधणी झाली.

इतिहासात राजांची नावे ठळक असतात. आपण आपल्या गावातल्या देवळापाशी, शाळेपाशी उभ्या राहू तेव्हा विचारू या, याची वर्गणी कोणी गोळा केली होती?