टेक्सासमधील रानडुकरांची शिकार
अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पिकांची नासाडी करणाऱ्या डुकरांना आवरण्याचा एक मार्ग. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी आणलेल्या पाळीव डुकरांचे हे वंशज. शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांशी पुढे त्यांचा संकर झाला.

राज्यातील ९० टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी, त्यामुळे सारे अडते मालकाच्या फाटकापाशी. २०१९ पासून मालकाची संमती असल्यास खाजगी जमिनीवर शिकार-परवाना लागत नाही. २०११ च्या कायद्याने तर पैसे भरून हेलिकॉप्टरमधून गोळी घालण्याची मुभा दिली. काही मालक शिकाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. म्हणजे उपद्रवही कमाईचा!

बंदुकीने एखाददुसरे मरते, बाकीचा कळप पांगतो आणि सावध होतो. म्हणूनच मिसूरी राज्याने २०१६ मध्ये संवर्धन खात्याच्या जमिनींवर ही शिकार बंद करून अख्खा कळप पकडणाऱ्या सापळ्यांवर भर दिला.