तिसऱ्या तारेचा इतिहास

माझं आयुष्य विजेच्या मोटारींचे वेढे नव्याने भरण्यात गेलं. चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या आणि उन्हाळा आला की आसपासच्या गावांतून विहिरींवरच्या जळालेल्या. त्यामुळे पुतण्याने दुबईहून मुलांसाठी स्लॉट कारचा संच आणला, तेव्हा मी आधी कंट्रोलरचे स्क्रू काढले. ट्रॅकच्या खाचेत अडकून पळणाऱ्या या गाड्यांना खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते. सुकाणू नाही, गिअर नाही. खेळणाऱ्याचं सगळं कसब बोटाखालच्या एका खटक्यात.

कंट्रोलरच्या आत नायक्रोमच्या तारेचे वेढे होते आणि त्यांच्यावरून सरकणारी पितळी पट्टी. खटका दाबत जावं तशी वाटेतली नायक्रोम कमी होते, मोटारीला जास्त व्होल्ट मिळतात, गाडी पळते. जुन्या घरांतल्या पंख्याचा रेग्युलेटरही असाच असायचा, म्हणून तो गरम व्हायचा. पण माझं लक्ष वेधलं ते बाहेर येणाऱ्या तारांनी. गाडी पळवायला दोन तारा पुरतात, इथे तीन होत्या. तिसरी थांबवण्यासाठी.

विजेवरच्या खेळण्यातल्या शर्यती जुन्या. अमेरिकेत लायनेल कंपनीने 1912 मध्येच अशा गाड्या विकायला काढल्या होत्या. स्लॉट कार घरोघरी पोचली ती इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिसमुळे. त्याने आपल्या चावीच्या पत्र्याच्या गाड्यांत मोटार बसवली आणि 1957 मध्ये ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आलं. सुरुवातीला हातात नुसतं बटण होतं, दाबलं की चालू, सोडलं की बंद. रेझिस्टन्सचा, म्हणजे अशा तारेच्या वेढ्यांचा, कंट्रोलर नंतर आला. पुढे साठच्या दशकात अमेरिकेत मोठमोठे ट्रॅक भाड्याने मिळू लागले, चुरस वाढली, आणि वळणाआधी गाडी आवरायची कशी हा प्रश्न वेगाइतकाच महत्त्वाचा झाला.

खरं तर त्याचं उत्तर मोटारीतच असतं, आणि मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना ते फार आधीपासून ठाऊक होतं. फिरत्या डीसी मोटारीची वीज तोडली की ती स्वतःच जनरेटर होते. तिची दोन टोकं एकमेकांना जोडा, तिनेच तयार केलेला करंट तिलाच उलटा रेटा देतो. खेळण्यातली मोटार घेऊन कोणीही हे बघू शकतो. नुसती वीज तोडली तर ती रेंगाळत थांबते, टोकं जोडली तर जागच्या जागी. स्लॉट कारचा खटका सोडला की पितळी पट्टी मागे जाऊन नेमकी हीच जोडणी करते.

आपल्या महाराष्ट्राने ही दोन्ही तंत्रं, वेगाचं आणि ब्रेकचं, केवढ्या मोठ्या आकारात पाहिली आहेत! मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 ला सुरू झाली. त्या काळच्या ट्रामच्या कंट्रोलरमध्येही रेझिस्टन्सच्या पायऱ्या असत, चालक दांडा एकेक पायरी पुढे नेई. त्यानंतर दोन दशकांनी बोरघाटातल्या रेल्वेला वीज आली. 37 फुटांना एक फूट असा तिथला चढ. तिथे धावलेलं, रेल्वेवाल्यांनी ‘खेकडा’ म्हटलेलं विजेचं इंजिन उतारावर आपल्या मोटारींनाच जनरेटर करत असे आणि ती वीज वरच्या तारेत परत सोडत असे. चढणाऱ्या गाडीला ती कामी येई. मला ही आपल्याकडच्या विद्युत अभियांत्रिकीतली अतिशय देखणी गोष्ट वाटते. आमच्याकडे वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे. तिथल्या स्कूटर-रिक्षांचे ब्रेक म्हणजे ड्रमला घासणारे लायनर असत, झिजले की बदला. आज जालना रोडवर बॅटरीच्या गाड्या दिसतात. त्यांतल्या अनेक गाड्या ब्रेक लावताना बॅटरीत वीज परत भरतात. तो खेकड्याचाच वारसा.

शौकिनांनी कंट्रोलरमध्ये फेरफार सुरू केले ते दोन अडचणींमुळे. पहिली वेगाची. रेझिस्टन्सवर किती व्होल्ट पडणार हे मोटार किती करंट खाते यावर ठरतं. म्हणून जास्त ओहमच्या कंट्रोलरला खादाड मोटार जोडली तर गाडी अर्ध्या खटक्यापर्यंत हलत नाही, मग एकदम उसळते. कमी ओहमला लहान मोटार जोडली तर ती बोट लागताच सुटते. ट्रान्झिस्टर आल्यावर हे संपलं. रेझिस्टन्सने फक्त इशारा द्यायचा, करंट ट्रान्झिस्टरने वाहायचा. गाडी कोणतीही असो, ठरावीक खटक्याला जवळपास ठरावीक व्होल्ट.

दुसरी अडचण ब्रेकची. चांगल्या चुंबकाची मोटार इतकी कचकन थांबते की गाडीचं मागचं अंग फिरतं. त्यावर उपाय सोपा, तिसऱ्या तारेत काही ओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स, घालायचा. पॉट शून्यावर असला की पूर्ण ब्रेक, फिरवत न्याल तसा मऊ. पुतण्याच्या संचात मी तेच केलं. आता मुलं प्रत्येक गाडीसाठी ब्रेक वेगळा लावून घेतात.

खेळण्याच्या अडॅप्टरला मात्र घाटातल्या तारेसारखी वीज परत घेता येत नाही. गाडीचा वेग मोटारीच्या वेढ्यांत आणि पॉटमध्ये उष्णता होऊन संपतो, म्हणून इथे तारेच्या वेढ्यांचा, वायरवाउंड पॉटच हवा. रेडिओच्या आवाजाचा कार्बनचा पॉट लवकर जळतो.